आढ्याला टांगलेला हुकूम

दादाजी शिपाई व्हरांड्यातल्या तिसऱ्या खांबाला हात लावून आरोपीचं नाव पुकारतो. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा गळ्याच्या शिरा फुगवून. एकतीस वर्षांत तो कुणाला बोलवायला पायरी उतरलेला नाही. तिसऱ्या पुकाऱ्यानंतरही कुणी आलं नाही की आत वॉरंट निघतं.

*

कोवळी कैरी उभी चिरली की आत पांढरी, मऊ कोय दिसते. ती फेकायची. फोडीला मीठ-तिखट लावायचं आणि वाट बघायची.

*

येरमेटोल्यात एका घराच्या आढ्याला, देवाच्या टोपलीशेजारी, खाकी पाकीट टांगलेलं आहे. लाखेची मोहोर शाबूत. वर कोंबड्याच्या रक्ताचे तीन थेंब, वाळून काळे पडलेले.

*

'२३ एप्रिल. रवाना सकाळी ६.१०. हवालदार गुणवंतराव. सोबत वॉरंट चार.'

*

मुंग्या आधी डोळे घेतात.

१

मोहफुलं वेचायला गेलेल्या बायकांना हवालदार गुणवंतराव सापडला तेव्हा नऊ वाजले होते. नाल्यापर्यंत मोटरसायकल जाते, पुढे येरमेटोला दीड कोस पायी. त्या पायवाटेवर तो पालथा पडला होता.

कुऱ्हाडीचे चार घाव. पहिला खांद्यात रुतला होता. दुसऱ्याने कान अर्धा उतरवला होता. तिसरा कुऱ्हाडीच्या पाठीने बसला होता, कवटी आत गेली होती. चौथा मानेवर. चौथ्याने तो मेला. म्हणजे पहिल्या तीन घावांनंतर जिवंत होता. हाताच्या नखांत माती होती, आणि तो चार हात सरपटल्याची ओळ धुळीत दिसत होती.

शेजारी रेक्झिनची पिशवी उघडी. आत तीन वॉरंटं.

ठाणेदारांनी वही पाहिली. चार नेली, तीन उरली. नाही ते कुणाचं? दसरूचं. सागवान तोडीच्या सात वर्षं जुन्या खटल्यातला आरोपी क्रमांक दोन, राहणार येरमेटोला.

दुपारी बारा वाजता दसरूला त्याच्या घरातून उचललं. कुऱ्हाडही उचलली; त्या गावात कुऱ्हाड नसलेलं घर नाही. संध्याकाळपर्यंत दसरूच्या उजव्या कानातून रक्त यायचं थांबलं होतं आणि त्या कानाने ऐकू येणंही.

२

चोवीस तारखेला त्याला न्यायालयात आणलं. अ‍ॅडव्होकेट नीलिमा विधी सेवेच्या यादीतली वकील. ज्यांना वकील परवडत नाही त्यांची ती वकील, म्हणून दसरूचीही. तिने मारहाणीची तक्रार नोंदवली. डॉक्टरांनी 'किरकोळ' लिहिलं. पोलीस कोठडी मिळाली अठ्ठावीसपर्यंत.

व्हरांड्यात दोन मिनिटं बोलायला मिळाली. दसरूला उभं राहता येत नव्हतं. तो खांबाला धरून होता.

"बाई, तुमचा कागद तं घरी आहे," तो म्हणाला. "मंग मले काऊन मारून राह्यले?"

"कोणता कागद?"

"तुमीच देल्ला होता. मोहोरवाला. देवापाशी बांधला मी."

नीलिमाला ते पाकीट आठवलं.

बारा दिवसांपूर्वी, बारा एप्रिलला, तिनेच दसरूला न्यायाधीशांपुढे उभं केलं होतं. तो फेब्रुवारीच्या तारखेला आला नव्हता. त्या दिवशी त्याच्या गावात बियाण्याची पंडुम होती. सणाच्या दिवशी गाव बांधतात, कुणी शीव ओलांडत नाही. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं आणि वॉरंट रद्द केलं. रद्द केल्याचं पत्र ठाण्याला टपालाने जायला पंधरा दिवस लागतात, म्हणून ते हमदस्त मागितलं, म्हणजे आरोपीने स्वतःच्या हाताने नेऊन द्यायचं. तिला ब्रह्मपुरीची गाडी पकडायची होती. तिथून पुढे नागभीडला मावसबहिणीचं लग्न. पाकीट दसरूच्या हातात देत ती घाईघाईने म्हणाली होती, "हे ठाण्यात द्या. आता हा कागद आहे तोवर तुम्हाला कुणी हात लावणार नाही."

दसरूने यातला दुसरा भाग जास्त खरा मानला.

ठाण्यात पत्र पोचलंच नव्हतं. ठाण्याच्या वहीत वॉरंट जिवंत होतं.

"त्याले कोठडीत आणखी चार दिवस," मागून पोलीस शिपाई आदेश पुटपुटला. तोच दसरूच्या दोरीला धरून होता. "बाई, तो अठ्ठावीस पाहत नाई."

३

न्यायालयाच्या आवारात कडुनिंबाखाली प्रफुल्लचं टेबल. तेरा वर्षांपासून तो तिथे अर्ज टाइप करतो. नीलिमाने दसरूच्या फेरतपासणीच्या, दुसऱ्या डॉक्टरकडच्या, अर्जाचा मजकूर सांगितला, त्याची बोटं चालू लागली. बोलणं थांबलं नाही.

"मॅडम, कैरी घ्या. गरमीत बरं असते." टाइपरायटरशेजारी पातळ पिवळट कागदात मीठ-तिखट होतं. एका बाजूने कोरा राहिलेला कागद प्रफुल्ल कधी टाकत नसे. त्याच्या पुड्या करी, टेबलाच्या पायाखाली घडी घाली, घाम पुशी.

नीलिमाने फोड घेतली.

"दसरू गेला आता," प्रफुल्ल म्हणाला. "पहिलेच माह्याकडे आला असता तं वॉरंटचं पाहून घेतलं असतं. आता अजून वॉरंट जिवंत, अन् वरून खून. हवालदार सज्जन माणूस होता जी. माह्याच इथी चहा घ्यायचा."

खोडरबराने त्याने एक अक्षर पुसलं, फुंकर मारली.

"सही करा, मॅडम."

४

ठाणेदारांनी पंख्याचा वेग वाढवला.

"पाकीट घरी असेल तर काय झालं? पोचलं नाही. हवालदार पकडायला गेला. दसरू म्हणाला, माझं रद्द झालं. हवालदार म्हणाला, चल. बाचाबाची. कुऱ्हाड. तुमचंच पाकीट खुनाचं कारण आहे, मॅडम."

हे वाक्य नीलिमाला घरी जाईपर्यंत टोचत राहणार होतं, कारण ते शक्य होतं.

"मला जागा बघायची आहे."

"बघा. आदेश, घेऊन जा."

आदेश त्याच भागातला. त्याचं गाव नाल्यापासून तीन कोसांवर. त्या दिवशी हवालदाराबरोबर त्यानेच जायचं होतं.

"का गेला नाहीस?"

"हवालदार साहेब म्हणले, तू राहू दे. मी एकटाच पाहतो."

"का?"

"मले नाई सांगतलं."

त्याने नजर चुकवली. नीलिमाने ते लक्षात ठेवलं. नाक्यावर तिने दोन कैऱ्या घेतल्या, एक त्याच्यापुढे धरली. त्याने हात मागे घेतला.

"आमची मरका पंडुम नाई झाली, बाई. आंब्याची. देवाले द्याच्या पहिले आम्ही तोंडात नाई घालत."

"नोकरी लागून सहा वर्षं झाली की तुला."

"नोकरी कमरेच्या पट्ट्याले लागली. पोट तं गावचंच आहे ना."

५

रक्त शोषून माती कडक झाली होती. पायवाटेपासून दहा हातांवर चारोळीचं दाट झुडूप. त्यामागे गवत बसून-बसून चेपलेलं.

आदेश एकदम थांबला. मग त्याने बूट मागे घेतला, जणू सापावर पडत होता.

गवतात कैरीच्या साली. मुंग्यांनी पोखरलेल्या चार कोया.

"पंचनाम्यात हे आहे?"

"'कचरा' लिवलं होतं."

"इथे बसून कुणीतरी चार कैऱ्या खाल्ल्या. म्हणजे तास-दीड तास वाट बघितली. बाचाबाची झाली नाही, आदेश. मागून घाव घातला."

आदेश अजूनही सालींकडेच बघत होता. "हे आमच्या लोकाचं काम नोहे," तो हळूच म्हणाला. "येरमेटोल्याची पंडुम एकोणतीसला आहे. कोणी माणूस मारंल. कैरी नाई खाणार."

एका दगडाखाली पिवळट कागदाची पुडी होती. मीठ पाणी सोडून कागद ओला झाला होता. नीलिमाने ती उलगडली आणि उन्हाकडे धरली.

 मग पुडी रुमालात ठेवून ती म्हणाली, "गावात चल."

६

सुकलू, आरोपी क्रमांक एक. त्याचंही वॉरंट हवालदाराच्या पिशवीत होतं. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी. सात वर्षांपूर्वी त्याच हवालदाराने ठाण्याच्या दारात चेचलेली.

"गुणवंतराव मेला म्हून मी रडलो नाई," तो म्हणाला. "पण मी मारलं असतं तं एका घावात मारलं असतं. चार घाव? अन् एक उलट्या कुऱ्हाडीनं? कुऱ्हाड धरता येत नाई त्याले."

बुधरीने, दसरूच्या बायकोने, पाणी दिलं. तिने डोळे पुसले नव्हते. त्यांच्यात पाणीच उरलं नव्हतं.

"गावाला माहीत होतं वॉरंट रद्द झालं ते?"

"साऱ्या गावाले. कोंबडा कापला, सारे जेवले. सुकलूभाऊनं तं दोनदा घेतलं."

"तीनदा," सुकलू म्हणाला.

"मंग तो हवालदाराले काऊन मारीन? अन् कागद काऊन चोरीन? त्याले वाचता तरी येते का?"

नीलिमाने मान हलवली. चार छापील फॉर्म, सगळे सारखे. त्यातून नेमका दसरूचा निवडणारा वाचणारा होता.

"सुकलूभाऊ, तुमचं वॉरंट रद्द नाही झालं?"

"झालं ना! माह्यापाशी बी कागद होता. दोन कोंबडे अन् पायलीभर मोहफूल देल्लं. पण वीस तारखेले हवालदार आला, म्हणे चल. मी कागद दाखवला. त्यानं वाचला. मले मारलं नाई, शिवी नाई. घडी केली अन् खिशात टाकली. म्हणे, तू घरी राह्य, हे मी पाहतो."

"त्या कागदाला लाख होती?"

"नाई. शिक्का होता. जांभळा."

"कुणी दिला?"

सुकलूने सांगितलं.

आदेशने नीलिमाकडे पाहिलं. हवालदाराच्या खिशात तो कागद नव्हता. चार नेली, तीन उरली, हे सगळ्यांनी मोजलं होतं. पाचवा कागद कुणाच्या वहीतच नव्हता.

७

"हे पाकीट मला पाहिजे, बुधरीबाई. अठ्ठावीसला."

"गायता म्हणते, पंडुमीच्या पहिले देवापासून काई काढाचं नाई."

गायता, गावचा पुजारी, दारातच उभा होता.

बुधरी पाटावर चढली. सुतळी दातांनी तोडली.

"देवाले मी सांगीन," ती म्हणाली.

८

त्या रात्री कोठडीत दसरूच्या दोन बरगड्या मोडल्या. त्याने कबुलीजबाबावर अंगठा दिला नाही.

९

सत्तावीस तारीख. दादाजी व्हरांड्यात बिडी विझवत होता.

"दादाजी, बावीसला हवालदार इथे आला होता?"

"आला होता. दुपारी. निंबाखाली गेला, कागद टेबलावर आपटला. कोणता कागद ते मले इतून नाई दिसलं. चहा मात्र नाई घेतला. तेरा वर्षांत पहिल्यांदा नाई घेतला, म्हून ध्यानात राह्यलं."

"काही बोलला?"

"जाता जाता बोलला. उद्या सकाळी येरमेटोल्यातून बाकीचे कागद आणतो, मंग जज साहेबांसमोर बसू."

"दादाजी, या न्यायालयातून टाइपरायटरवर लिहिलेलं पत्र शेवटचं कधी गेलं?"

दादाजी हसला. "कॉम्प्युटर आला तवा माह्या पोरीचं लग्न झालं. आता नातू पाचवीत आहे."

१०

अठ्ठावीस. ठाणेदारांनी कोठडी वाढवून मागितली. दसरूला दोघांनी धरून आणलं होतं. तो बुधरीला शोधत होता; ती हाक मारत होती त्या बाजूला त्याचं तोंड वळत नव्हतं.

नीलिमाने पाकीट मेजावर ठेवलं. न्यायाधीशांनी मोहोर बघितली, रक्ताचे थेंब बघितले, आणि स्वतः फोडलं. त्यांचीच सही आत होती.

"हे ठाण्यात का पोचलं नाही?"

"माझी चूक, साहेब. मी स्वतः न्यायला हवं होतं." तिने पाकिटाकडे बोट दाखवलं. "पण यावरून एक गोष्ट ठरते. दसरूच्या गावाला वॉरंट संपल्याचं माहीत होतं. मेलेलं वॉरंट चोरण्यात त्यांना काही मिळत नव्हतं. ते चोरलं अशा माणसाने, ज्याला ते जिवंत वाटत होतं, आणि दसरूवर संशय जावा असं वाटत होतं. तो बाहेरचा होता. वाचणारा होता. कुऱ्हाडीची सवय नसलेला होता. आणि आंब्याची पंडुम न पाळणारा. तो झुडपामागे कैरी खात बसला होता."

"ठाण्यातही वाचणारे आहेत," ठाणेदार म्हणाले. "आमचा आदेश त्या दिवशी गेला नाही."

"आदेश पंडुम पाळतो. माझ्या हातची कैरी त्याने नाकारली, साली सापडण्याच्या आधी." तिने रुमाल उलगडला. "ही मिठाची पुडी. कागदाच्या आतल्या बाजूला टाइप केलेलं आहे. 'सदर आरोपीचे वॉरंट रद्द करण्यात आले असून.' खाली सुकलूचं नाव. कार्बनची प्रत. न्यायालयाने असं पत्र काढलेलं नाही. सुकलूला ते विकलं होतं. मूळ कागद हवालदाराला सापडला, त्याने तो विकणाऱ्याच्या टेबलावर आपटला, आणि दुसऱ्या दिवशी कुठे जाणार तेही सांगून बसला. पंचवीस वर्षं पोलिसात असलेल्या माणसाला निंबाखालच्या टायपिस्टची भीती वाटली नाही."

खिडकीतून कडुनिंब दिसत होता. बाहेर बराच वेळ चाललेली टकटक थांबली होती.

"दादाजी," न्यायाधीश म्हणाले, "प्रफुल्लला बोलवा."

दादाजी खांबापाशी गेला. एकदाच नाव घेतलं.

प्रफुल्ल आला. हातात टाइपरायटर होता, पोटाशी धरलेला, जणू घरी नेण्यासाठी उचलला होता.

"हवालदार मोठा धुतल्या तांदळाचा होता का जी?" तो दारातूनच म्हणाला. "या लोकायची बोटं चेचत होता तो. मी तं त्यायले झोप विकत होतो. कागद घरात असला की झोप लागते त्यायले!"

"आणि पोलीस आल्यावर?" नीलिमा म्हणाली.

त्याने टाइपरायटर फेकला.

तो नीलिमाच्या खांद्यावर आदळला आणि हाड मोडल्याचा आवाज अख्ख्या खोलीने ऐकला. आदेश दारात आडवा झाला. प्रफुल्लच्या हातात कागद कापायचं पातं होतं. ते आदेशच्या गालातून आरपार जाऊन दातावर वाजलं. आदेशने तोंडातलं रक्त न थुंकता त्याची मान दोन्ही हातांनी धरली, खाली वाकवली, आणि दगडी उंबऱ्यावर आपटली. पुन्हा आपटली. तिसऱ्यांदा आपटणार तेव्हा दसरू ओरडला.

"नको, आदेशभाऊ! मारू नको त्याले!"

फुटलेल्या टाइपरायटरच्या पोटात, रुळाखाली, एक छापील कागद घडी करून ठेवला होता. दसरूचं वॉरंट. मागची बाजू कोरी होती.

११

खून मागे पडला. सागवानाचा खटला मागे पडत नाही. जूनच्या तारखेला दसरूचं नाव पुन्हा यादीत होतं.

दादाजीने खांबाला हात लावला. "दसरू, राहणार येरमेटोला!" एकदा. दोनदा.

दसरू समोरच होता. निंबाखाली, जिथे आता टेबल नव्हतं, न्यायालयाकडे उजवा कान करून बसला होता. बुधरी नळावर पाणी प्यायला गेली होती. आत नीलिमा गळ्यात हात अडकवून उभी होती. न्यायाधीशांनी पेन उचललं होतं.

दादाजीने तिसऱ्यांदा तोंड उघडलं. बंद केलं.

मग तो पायरी उतरला. चिखलातून चालत निंबापर्यंत गेला आणि दसरूच्या खांद्यावर हात ठेवला.

"चाल, भाऊ. तुलेच बोलवून राह्यले."

*

बारा एप्रिलला येरमेटोल्याकडे जाणारी गाडी ठाण्यासमोर सात मिनिटं थांबली होती. दसरू खिडकीशी बसला होता, पाकीट मांडीवर होतं, आणि तो उतरला नाही.